हातातली घरघर

मामाच्या डाव्या हाताला कान लावला की आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखं ऐकू येतं. बोटं टेकवली तर मांडीवर झोपलेलं मांजर गुरगुरावं तसं काहीतरी हाताला लागतं. एरवी आपल्याकडे ‘घरघर लागली’ म्हणजे माणसाचं काही खरं नाही, गंगाजळाची बाटली शोधायची वेळ आली. मामाच्या घरात याच्या बरोबर उलटा हिशोब आहे. ही घरघर थांबली तर सगळ्यांची धावपळ. ती चालू आहे तोवर घर निवांत.

मामा शेंडीत राहतो. भंडारदऱ्याला आलेले पर्यटक चहा पितात, मुक्काम करतात, ‘काजवे कुठे दिसतील’ म्हणून विचारतात, ते बहुतेक शेंडीतच. थोडी भातशेती, दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने, असं त्याचं बरं चाललं होतं. साखर आणि रक्तदाब या जोडगोळीने चार वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो पहाटे घर सोडतो. अकोले गावाकडे उतरायचं, पुढे संगमनेर. किंवा उलट्या दिशेने घोटीमार्गे नाशिक. डायलिसिस हा शब्द तो वापरत नाही. “आज आवर्तन आहे,” म्हणतो. धरणातून कालव्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेलं पाणी सुटतं, त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. ज्याचं सगळं आयुष्य धरणाच्या भिंतीलगत गेलं त्याला दुसरा शब्द सुचणार तरी कुठला?

या शब्दात तो समजतो त्यापेक्षा जास्त अर्थ आहे. डायलिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र येतं. दिवे लुकलुकणारं, नळ्या लोंबणारं, महागडं. पण यंत्राची सोय आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून अनेकांचं डायलिसिस होतं, एसटीच्या सवलतींच्या यादीतही या रुग्णांचं नाव आहे. खरी अडचण यंत्राच्या अलीकडे आहे. यंत्रापर्यंत रक्त न्यायचं कुठून? धरण भरलेलं आहे, शेत तहानलेलं आहे, पण कालवाच खोदलेला नाही, अशी ती अवस्था असते. आणि हा कालवा ऐन वेळी खोदता येत नाही.

थोडं गणित करू. डायलिसिसच्या यंत्राला साधारण मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त लागतं. एका बैठकीचे चार तास धरले तर ७२ लिटर झाले. माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त चौदा-पंधरा वेळा फिरून फिरून गाळणीतून जातं. गाळणीत हजारो पोकळ धागे असतात. धाग्यांच्या आतून रक्त आणि बाहेरून उलट्या दिशेने स्वच्छ द्रावण वाहतं, पातळ भिंतीतून युरिया, पोटॅशियम, जादा पाणी पलीकडे निघून जातं. एका वेळी शरीराबाहेर असतं ते पाव लिटरच्या आतबाहेर रक्त. पण ते सतत पळतं असावं लागतं. धार मंदावली की यंत्र ओरडायला लागतं.

आता ही धार हाताच्या शिरेतून मिळेल का? रक्त तपासायला देताना जी शीर आपण मूठ आवळून फुगवतो, ती वरवर असते, सुईला सोपी असते, पण तिच्यातला प्रवाह इतका मंद की पंपाने ओढलं तर ती चिकटून बसेल. मग धमनी? तिथे दाब आहे, जोर आहे. पण धमनी खोल असते, टोचली तर दुखते, रक्त थांबता थांबत नाही, आणि दर आठवड्याला दोन-तीनदा टोचत राहिलं तर ती खराब होऊन पुढचा हातच धोक्यात येतो. शिवाय मनगटातल्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटरच रक्त जात असतं. जिथे सुई पोचते तिथे पाणी नाही, जिथे पाणी आहे तिथे सुई न्यायची नाही.

या पेचाने डायलिसिस वीस वर्षं अडवून धरलं होतं. विलेम कॉल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सॉसेजच्या वेष्टणाची नळी गुंडाळून पहिलं चालणारं कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं. यंत्राने काम केलं. पण दर वेळी रक्त काढायला नवीन रक्तवाहिनी उघडायची, काचेची नळी घालायची आणि काम झालं की ती रक्तवाहिनी बांधून टाकायची. सुरुवातीच्या एका तरुण बाईचं डायलिसिस बारा वेळा झालं. मग नळी घालायला जागाच उरली नाही. यंत्र शेजारी उभं होतं, ते चालतही होतं, आणि ती बाई गेली. पुढे कॉल्फच्या यंत्राने माणसं वाचली, पण कोणती? काही दिवसांत ज्यांची मूत्रपिंडं पुन्हा सुरू होतील अशीच. ज्यांची कायमची गेली त्यांच्यासाठी यंत्राचा उपयोग नव्हता.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी एक सोपी वाटणारी युक्ती काढली. मनगटाजवळ एक नळी धमनीत, एक शिरेत, आणि डायलिसिस नसेल तेव्हा दोघींना बाहेरूनच वाकड्या नळीने जोडून टाकायचं. रक्त अंगाबाहेरून वळसा घालत अखंड वाहतं राहील आणि नळीत गोठणार नाही. ही करामत शक्य झाली टेफ्लॉनमुळे. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. रक्तही त्याला सहजी चिकटत नाही. अभियंता वेन क्विंटन यांनी त्या नळ्या तापवून वाकवून दिल्या. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हाताला ती बसवली गेली आणि तो माणूस पुढे अकरा वर्षं जगला. कायमची मूत्रपिंडं गेलेल्या माणसाने इतकी वर्षं काढणं ही तेव्हा अपूर्वाई होती. तरीही ती नळी म्हणजे एक टांगती तलवार. निसटली तर मिनिटांत रक्त वाहून जायचं, जंतू शिरायचे, काही महिन्यांत गुठळी धरायची, की पुन्हा नवी जागा.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती यंत्रातून आलीच नाही, एका जखमेतून आली. जेम्स सिमिनो हे वैद्यकीचे विद्यार्थी असताना न्यू यॉर्कच्या बेल्व्ह्यू रुग्णालयात रक्त काढायचं काम करून खर्च भागवत. तिथे काही माणसं अशी यायची की ज्यांच्या धमनीला आणि शेजारच्या शिरेला कधीतरी एकदम इजा झालेली असे, आणि बरं होताना दोघी आतल्या आत एकमेकींना जोडल्या गेलेल्या असत. धमनीचं जोरदार रक्त शिरेत घुसून ती शीर बोटासारखी फुगलेली. रक्त काढणाऱ्याच्या दृष्टीने चंगळच! असा जोड नवा नव्हता. अठराव्या शतकात विल्यम हंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. त्या काळी रोग्याचं रक्त काढून टाकण्याची रीत होती, आणि ते काढताना अवजार शिरेतून आरपार जाऊन खालच्या धमनीत घुसलं की असा जोड तयार होई. हाताला लागणारी घरघरही हंटरने नोंदवली होती. दोनशे वर्षं वैद्यक त्याला एक आजार समजत राहिलं.

ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डायलिसिसचे हाल बघताना सिमिनोंना त्या फुगलेल्या शिरा आठवल्या. जो आजार आहे तो मुद्दाम केला तर? त्यांनी आणि मायकेल ब्रेशा यांनी शल्यविशारद केनेथ अ‍ॅपेल यांना गळ घातली आणि १९ फेब्रुवारी १९६५ रोजी एका रुग्णाच्या मनगटात धमनी आणि शीर शिवून जोडली गेली. १९६६ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. अंगाबाहेर नळी नाही, प्लॅस्टिक नाही, वर शाबूत कातडी. आज साठ वर्षांनीही जगभर पहिली पसंती याच जोडाला आहे. डॉक्टर त्याला एव्ही फिस्टुला म्हणतात, डायलिसिसच्या खोलीत नुसतं फिस्टुला म्हणतात.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला तो बहुधा जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५च्या नोव्हेंबरात आणीबाणीच्या कैदेतून सुटून ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले ते मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत. ८ ऑक्टोबर १९७९ला पाटण्यात देह ठेवीपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली, पंतप्रधान मदत निधीतून आलेली रक्कम त्यांनी परत पाठवली. त्या यंत्राच्या किमतीच्या, वर्गणीच्या, मानापमानाच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. हाताची गोष्ट कोणी सांगत नाही.

तर हाताकडे येऊ. वैद्य अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी बघतात ना, तीच ती धमनी. तिच्या शेजारून एक शीर वर कोपराकडे जाते. तेवढ्याच भागाला भूल देऊन शल्यविशारद ती शीर सोडवतात आणि तिचं टोक धमनीच्या कुशीला, काही मिलिमीटरच्या छिद्रावर, केसासारख्या बारीक धाग्याने शिवतात. रुग्ण जागा असतो, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो.

यात नेमकं घडतं काय, हे मामाला कळलं ते धरणाच्या भाषेत. भंडारदऱ्याचं धरण १९१०ला सुरू होऊन १९२६ला पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेतून खाली जातं, ओझरच्या बंधाऱ्यावर कालव्यांत वळतं, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतातल्या सऱ्या. शेत भिजवून उरलेलं पाझरत ओढ्याला लागतं आणि पुन्हा नदीला मिळतं. रक्ताचंही तसंच. हृदयातून धमन्या, धमन्यांतून केसासारख्या बारीक वाहिन्या, तिथे मांसाला पोसून झालं की संथ होऊन शिरांतून परत. फिस्टुला म्हणजे कालव्याचा काठ फोडून पाणी शेतात न जाऊ देता थेट ओढ्यात सोडणं. पाटबंधारे खातं अशा माणसावर गुन्हा दाखल करेल. इथे तो शल्यविशारद फी घेऊन करतो!

ओढ्याला अचानक कालव्याचं पाणी आलं की तो रुंदावतो, काठ टणक होतात. शिरेचं तेच. जोडल्याबरोबर तिच्यातला प्रवाह मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटरवर जातो, पुढच्या काही आठवड्यांत सहाशे, हजार. जोराने वाहणाऱ्या रक्ताचं घर्षण आतल्या पेशींना जाणवतं, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि वाहिनी सैलावत जाते. भिंत जाड होते. डॉक्टर मंडळींनी यासाठी सहाचा एक पाढा करून ठेवलाय: सहा आठवडे झालेले असावेत, शीर सहा मिलिमीटर रुंद असावी, कातडीपासून सहा मिलिमीटरपेक्षा खोल नसावी आणि मिनिटाला सहाशे मिलिलिटर वाहावी. तोपर्यंत मऊ चेंडू मुठीत दाबत बसायचं. मामाने नातवाचा चेंडू घेतला होता, तो परत मागायला नातू रोज यायचा.

“हात पिकला का?” असं मामी विचारायची. आंब्यासारखं. आणि अढीतले सगळेच आंबे पिकत नाहीत. बरेच फिस्टुला वापरण्याजोगे होतच नाहीत. मधुमेहाने धमनीच्या भिंतीत चुना साठलेला असतो, बायकांच्या वाहिन्या मुळातच बारीक असतात, वय झालेलं असतं. म्हणून डॉक्टर सुरुवात मनगटापासून करतात, तेही ज्या हाताने आपण जेवत-लिहीत नाही त्या हाताच्या. मनगटाचा गेला तर कोपराचा, मग दंडाच्या आतल्या बाजूची खोल शीर वर काढून. आधीच कोपराला हात घातला तर खालचं मनगट वाया जातं. माणसाकडे अशा जागा मोजक्याच असतात आणि त्या आयुष्यभर पुरवायच्या असतात.

मामाची सुरुवात मात्र मनगटाने झाली नाही. गळ्याने झाली. किडनीच्या डॉक्टरांना दाखवा असं त्याला वर्षभर आधी सांगितलं होतं. दुखत नव्हतं, लघवी होत होती, म्हणून गेला नाही. आषाढात एका रात्री दम लागून तो आडवा होईना. दवाखान्यात पोचेपर्यंत पहाट झाली आणि त्या घाईत गळ्याच्या उजव्या शिरेत दोन तोंडांची नळी घातली गेली. आपल्या देशात बहुसंख्य रुग्णांचं डायलिसिस असंच, गळ्यातल्या नळीने सुरू होतं. जीव वाचवायला ती नळी उत्तम, लगेच वापरता येते. पण तिचं एक टोक हृदयाच्या दाराशी आणि दुसरं बाहेरच्या हवेत. जंतूंना याहून सरळ रस्ता कुठला? डायलिसिस सुरू झालं की थोड्याच वेळात हुडहुडी भरून ताप चढतो, ही या नळीच्या जंतुसंसर्गाची ओळखीची खूण. कातडीखालून बोगदा करून बसवलेली नळी, जिला सगळे परमकॅथ म्हणतात, ती जरा सुरक्षित, काही महिने चालते, पण तीही नळीच. तिला पाणी लागू द्यायचं नाही. भंडारदऱ्याच्या पावसात, जिथे वाळत घातलेला टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे हे पथ्य सांभाळून बघा.

नळीचं आणखी एक दुखणं उशिरा कळतं. गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी घातली तर ती शीर पुढे आतून आवळते. मग त्या बाजूच्या हातात कितीही सुंदर फिस्टुला केला तरी पाणी पुढे सरकत नाही, हात सुजून खांबासारखा होतो. म्हणून आता शक्यतो ती जागा टाळतात, उजवा गळा धरतात.

गळ्यातली नळी असताना मामाच्या हाताची तपासणी झाली, सोनोग्राफीने शिरांचा नकाशा काढला. डॉक्टरांनी विचारलं, “सलाइन फार लावलीत का?”

इथे मला जरा रागाने लिहायचं आहे. आमच्या भागात आवणी संपली की माणसं बाटली लावायला जातात. पंधरा-वीस दिवस गुडघाभर चिखलात वाकून भात लावलं, अंग मोडून आलं, की ‘ताकदीची बाटली’. कोणी मागून घेतो, कोणी डॉक्टरच सुचवतो. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. घरी गूळ-पाणी प्यायलं असतं तर तेवढीच ताकद आली असती, आणि वर शेंगदाण्यांचे पैसे उरले असते. रक्तदाबाच्या माणसाला ते मीठ थेट शिरेत. सोबत अंगदुखीचं इंजेक्शन, जे थकलेल्या मूत्रपिंडाला आणखी थकवतं. आणि सुई कुठे? डाव्या हाताच्या, मनगटाच्या वरच्या त्याच ठसठशीत शिरेत, कारण ती सापडायला सोपी. दर टोचणीला शिरेच्या आत एक ओरखडा राहतो, कधी सूज, कधी गुठळी. वीस वर्षं दर पावसाळ्यात असं केल्यावर ती शीर दोरीसारखी कडक होऊन बसते. मामाची तशीच झाली होती. नशीब की कोपराच्या खाली थोडा तुकडा बरा निघाला.

अकोले तालुक्याच्या डोंगरात देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही. ज्याला साखर किंवा रक्तदाब आहे आणि ज्याच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं आहे, त्याने डावा हात असा देवराईसारखा राखायला हवा. रक्त काढायचं, सलाइन लावायचं, तर पंजाच्या मागच्या शिरेत किंवा उजव्या हाताला. प्रयोगशाळेच्या कागदावर ई-जीएफआर नावाचा आकडा असतो, मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा. तो ३०च्या खाली गेला की शिरा जपायला लागायचं, १५ ते २०च्या दरम्यान आला की फिस्टुलाची गोष्ट डॉक्टरांकडे आपणच काढायची. लोक काढत नाहीत, कारण फिस्टुला करणं म्हणजे डायलिसिसला बोलावणं पाठवणं, असं त्यांना वाटतं. अपशकुनासारखं. फिस्टुला तयार असून डायलिसिस दोन वर्षं लांबलं, तर त्या हातात नुसती घरघर ऐकू येईल, एवढंच.

आता मामाचा हात पिकून साडेतीन वर्षं झाली. त्याची दिनचर्या बघण्यासारखी आहे. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताला. त्या हाताला घड्याळ नाही, गंडा-दोरा नाही. यात्रेत कोणीतरी बांधायला आलं तेव्हा त्याने तो उजव्या हाताला बांधून घेतला. भाताचा भारा त्या हाताने उचलायचा नाही, कुशीवर झोपताना तो खाली येऊ द्यायचा नाही, रक्तदाब मोजायचा पट्टा त्यावर बांधू द्यायचा नाही. एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी तपासणीसाठी गेला असताना एका नवशिक्या मुलीने पट्टा त्याच हाताला गुंडाळायला घेतला. मामाने हात असा काही मागे ओढला की ती दचकली. “बाई, याच्यावर माझं पोट आहे,” म्हणाला.

घरघर थांबण्याची कारणं विचित्र असतात. डायलिसिसमध्ये जास्त पाणी काढलं जाऊन रक्तदाब पडला, त्यात जुलाब झाले, रात्रभर हात अंगाखाली राहिला. रक्त संथ होतं आणि जोडाच्या जागी गुठळी धरते. ती लगेच लक्षात आली, एक-दोन दिवसांच्या आत योग्य जागी पोचलं, तर पुष्कळदा गुठळी काढून फिस्टुला वाचवता येतो. उशीर झाला की तो गेला, पुन्हा गळ्यात नळी. म्हणून बोटं लावायची सवय. आवाज बदलला, घरघरीऐवजी ढोलासारखे ठोके लागायला लागले, तरी सांगायचं. पुढे कुठेतरी रस्ता आवळत असल्याची ती खूण असते, आणि फुगा घालून तो रुंद करता येतो.

या सगळ्यात पाण्याचा विनोद वेगळाच. मामाच्या दारातून धरणाचा आर्थर तलाव दिसतो. वर घाटघर, ज्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. अकरा टीएमसीचं धरण भरून सांडव्यावरून पाणी कोसळत असतं आणि मामा दिवसाचं पाणी तांब्याने मोजून घेतो. दोन आवर्तनांच्या मध्ये वजन फार वाढलं तर यंत्राला घाईने पाणी खेचावं लागतं, दाब पडतो, आणि त्याचा फटका पुन्हा फिस्टुलालाच.

काहींना वेगळीच तक्रार येते. बोटं गार पडतात, बधिर होतात, डायलिसिस चालू असताना दुखतात. जोडाने इतकं रक्त वळवून घेतलं की पंजापर्यंत पोचतच नाही. मामाच्या शेजारच्या खाटेवर राहुरीकडचे एक गृहस्थ असतात, त्यांना हा त्रास होता. “आम्ही कालव्याच्या टेलला, बोटं हाताच्या टेलला, दोघांनाही पाणी नाही,” असं ते म्हणायचे. प्रवरेच्या पाण्यावरून वरचे आणि खालचे किती भांडलेत हे माहीत असलेल्या त्या खोलीत यावर मोठा हशा पिकला. त्यांचा जोड नंतर शस्त्रक्रियेने जरा अरुंद करून घेतला.

दर वेळी दोन सुया टोचतात. दाभणाची आठवण यावी इतक्या जाड. एकीतून रक्त यंत्राकडे जातं, दुसरीतून परत येतं, दोन्ही त्याच फुगलेल्या शिरेत. यातही कसब आहे. शिरेच्या लांबीवर शिडीच्या पायऱ्यांसारखं दर वेळी थोडं पुढे सरकत टोचलं तर शीर सगळीकडे सारखी राहते. पण ओळखीच्या जागी कमी दुखतं, सुई पटकन जाते, म्हणून रुग्ण आणि परिचारिका दोघंही त्याच दोन ठिकाणी येत राहतात, आणि तिथे कातडी पातळ होऊन लिंबाएवढे फुगे येतात. अशा फुग्यावरची कातडी चकाकायला लागली, खपली धरून बसली, तर ती फुटायची भीती. घरी असं रक्त आलंच तर भला मोठा टॉवेल गुंडाळून बसायचं नाही. त्याखाली रक्त वाहतच राहतं. नेमक्या भोकावर बोटाने घट्ट दाबायचं, हात वर धरायचा आणि दवाखाना गाठायचा. मामीला हे करून दाखवलेलं आहे. तिने ते शेजारणीलाही दाखवून ठेवलंय.

ज्यांच्या शिरा अजिबात जमत नाहीत त्यांना कृत्रिम नळी कातडीखाली बसवतात. ती पुन्हा टेफ्लॉनच्याच गोतावळ्यातली, दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण लवकर गोठते आणि खिशाला जड. आणि रक्ताला हातच न लावता पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करायचं डायलिसिसही असतं. दरड कोसळून रस्ता बंद होणाऱ्या गावांना ते सोयीचं आहे असं मला कायम वाटत आलंय. पण द्रावणाच्या पिशव्या दर महिन्याला डोंगरात पोचवणार कोण, हा प्रश्न आलाच.

मागच्या श्रावणात मी शेंडीला होतो. रात्रभर वारा, वीज गेलेली, कौलांवर पाऊस असा की शेजारच्या खोलीतलं ऐकू येऊ नये. साडेतीनला मामी उठली. चूल पेटवली, कंदिलाच्या उजेडात मामाची पिशवी भरली, फाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. मामा अजून अंथरुणातच, बोटं डाव्या हातावर. बाहेर पावसाचा इतका आवाज होता की कान लावून काही कळलं नसतं.

“वाजतंय ना?” मामीने आतून विचारलं.

“वाजतंय,” मामा म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.